समुद्राची पातळी दाखवणारे दोन फुकट नकाशे : देवबागच्या घरासाठी वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. नासाचं सी लेव्हल प्रोजेक्शन टूल आणि क्लायमेट सेंट्रलचं कोस्टल रिस्क स्क्रीनिंग टूल अशा दोन वेबसाईट आहेत, दोन्ही फुकट, आणि तुमचं घर, माहेर, आजोळ, जमीन काहीही किनाऱ्याला असेल तर दोन्ही उघडून बघाच. पण नुसत्या त्यांच्या भरवशावर घर बांधू नका आणि नुसत्या त्यांच्या भरवशावर घर विकूही नका. का ते खाली लिहिलंय, लांबलंय जरा, पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

मी राहते कोल्हापुरात, माहेर देवबाग, मालवण तालुका. कोल्हापूरकरांना देवबाग काय वेगळं सांगायचं, दिवाळीची सुट्टी लागली की गगनबावड्याने नाहीतर फोंडा घाटाने उतरून निम्मं कोल्हापूर तिकडंच असतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे वाळूची लांब चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवर आमचं गाव. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते तो संगम, तिथंच ते सुनामी आयलंड. काही घरांच्या मागच्या दारातून नदी आणि पुढच्या दारातून दर्या दिसतो, आमचं त्यातलंच.

तर माझ्या भावाला घरावर मजला चढवून होमस्टे काढायचाय. पर्यटक आहेत, बँक कर्ज द्यायला तयार आहे, पंधरा वर्षांची मुदत. त्याने मला फोन करून विचारलं, "गो ताई, तू कम्प्युटरवर असतंस ना दिवसभर, जरा बघ आणि माका सांग, बांदू की नको?" मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत क्वालिटी बघते, मापं आणि टॉलरन्स हेच माझं रोजचं काम, त्यामुळे आकडे वाचायला मला भीती वाटत नाही. म्हणून बसले.

पहिलं नासाचं. हे नुसता रंगवलेला नकाशा नाही, हा आलेख आहे. जगाच्या नकाशावर भरती-ओहोटी मोजायच्या केंद्रांचे ठिपके आहेत, ठिपक्यावर क्लिक केलं की त्या ठिकाणी २०२० पासून २१५० पर्यंत दर दहा वर्षांनी समुद्र किती वर असेल त्याचा अंदाज येतो. माप धरलंय १९९५ ते २०१४ च्या सरासरीपासून, म्हणजे शून्य म्हणजे आजचा समुद्र नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या सहाव्या अहवालाचा जो पहिला भाग २०२१ च्या ऑगस्टमधे आला त्याचीच ही आकडेवारी. आपल्याला जवळचे ठिपके दोन, वर मुंबई आणि खाली गोव्याचं मुरगाव. मुंबईचं अपोलो बंदरचं केंद्र तर १८७८ पासूनच्या नोंदी असलेलं, तेव्हापासून कुणीतरी तिथं पाणी मोजून लिहून ठेवतंय म्हणून आज आपल्याला काहीतरी कळतंय, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हे टूल आलं तेव्हा पेपरात बारा भारतीय शहरांचे आकडे छापून आले होते, शतकाच्या शेवटापर्यंत मुंबईला १.९ फूट, मुरगावला २.०६ फूट, कोचीनला २.३२, भावनगरला २.७ फूट असे. बऱ्याच लोकांनी तेव्हा म्हटलं, दोन फूटच ना. हे दोन फूटच ना वाक्य कोकणातल्या माणसाने म्हटलं तर मी समजू शकते, पण कोल्हापूरच्या माणसाने म्हणू नये.

आपल्याकडं जुलै-ऑगस्टमधे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न काय असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. त्या चार फुटांत कोल्हापूरचं सगळं बदलतं की नाही, कुंभार गल्लीत सामान वरच्या माळ्यावर जातं, नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांतली जनावरं उंचावरच्या सोनतळीला हलवायला लागतात, मग शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं का म्हणून फोन सुरू होतात. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला परत तसंच. एकेक फूट चढताना आपण मोबाईलवर बघत बसलोय, त्यामुळे दोन फूट म्हणजे नक्की किती घरं, किती पायऱ्या, किती गल्ल्या हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि पंचगंगा उतरते. आठ-दहा दिवसांनी का होईना चिखल मागं ठेवून उतरते. समुद्राची वाढलेली पातळी उतरत नाही, आणि हे दोन फूट रोजच्या साध्या पाण्याचे आहेत, त्याच्यावर पौर्णिमा-अमावस्येची उधाणाची भरती, त्याच्यावर वादळ, त्याच्यावर पावसाळी लाटा. आयपीसीसीने तर सरळ लिहिलंय की पूर्वी शंभर वर्षांतनं एकदा यायचं असं टोकाचं पाणी २१०० पर्यंत निम्म्याहून जास्त केंद्रांवर दरवर्षी निदान एकदा येऊ शकतं.

नासाच्या टूलमधे मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे एकच आकडा तोंडावर फेकत नाही. जग धूर किती कमी करतं त्याप्रमाणे वेगवेगळ्या रेषा आहेत. जगाची सरासरी बघितली तर अगदी कडक कपात केली तर २१०० ला ०.२८ ते ०.५५ मीटर, आणि काहीच आवरलं नाही तर ०.६३ ते १.०१ मीटर. फुटात सांगायचं तर साधारण एक फुटापासून सव्वातीन फुटापर्यंत. हा फरक आपल्या हातातला आहे, म्हणजे जगाच्या हातातला. आणि हे पाणी कुठनं येतं तेही फोडून दाखवलंय, समुद्र तापून फुगतो तो भाग किती, डोंगरावरच्या हिमनद्यांचा किती, ग्रीनलंडचा, अंटार्क्टिकाचा किती, आणि जमीन स्वतः खचते किंवा उचलली जाते तो भाग किती. हा शेवटचा भाग लोक विसरतात. जकार्तामधे जमिनीतलं पाणी उपसून उपसून शहरच खाली चाललंय, इंडोनेशियाने राजधानी दुसऱ्या बेटावर हलवायचा कायदा केला त्यामागं हे एक मोठं कारण.

भावाच्या दृष्टीने महत्त्वाची रेषा २१०० ची नव्हेच, २०४० ची. कर्ज तोपर्यंत चालणार. तिथं बघितलं तर सगळे रंग जवळजवळ एकत्रच आहेत, म्हणजे पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जे वाढायचंय ते आता जवळपास ठरलेलंच आहे, कुणी काही केलं तरी. हे बघून मी जरा वेळ गप्पच बसले. १९०१ ते २०१८ मधे जगात सगळं मिळून २० सेंटीमीटर वाढलं, आठ इंच. पण आधी वर्षाला १.३ मिलीमीटरने वाढत होतं, २००६ ते २०१८ मधे ३.७ ने. आमच्या फाउंड्रीत कास्टिंगच्या मापात असा ट्रेंड दिसला असता तर मी लाईन थांबवली असती.

आता दुसरं, क्लायमेट सेंट्रलचं. हा खरा नकाशा. उघडला की किनाऱ्यावरची काही जमीन लाल दिसते, ती लाल म्हणजे अमुक साली वर्षातनं एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली असणारी जमीन. वर्ष बदलता येतं, किंवा वर्ष बाजूला ठेवून पाण्याची उंची ओढून बघता येते, अर्धा मीटर, एक मीटर, असं. बघायला एकदम सोपं, माझ्या सातवीतल्या पोराने मला न विचारता चालवलं. त्याने पहिलं मुंबई बघितलं, मग मालदीव, मग बांगलादेश, आणि मग विचारलं, आई, कोल्हापूर का नाही लाल होत? आपण साडेपाचशे मीटरवर आहोत रे बाबा. पण मामाचं घर तेवढ्या उंचावर नाहीये.

ह्या नकाशामागची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण ती आमच्या माडांशी संबंधित आहे. जगभरच्या जमिनीच्या उंचीची जी जुनी फुकट माहिती वापरायचे ती फेब्रुवारी २००० मधे अंतराळयानातनं रडारने मोजलेली. पण रडारला जमीन दिसत नाही, वरनं पहिलं जे लागेल ते दिसतं. माडाच्या झावळ्या, घराची कौलं. मग जिथं दाट झाडी आणि दाट वस्ती तिथं जमीन आहे त्यापेक्षा उंच नोंदली गेली, म्हणजे सगळ्यात जास्त माणसं जिथं राहतात तिथंच धोका कमी दिसत होता. क्लायमेट सेंट्रलच्या लोकांनी ती चूक कम्प्युटरकडनं दुरुस्त करून घेतली आणि २०१९ मधे शोधनिबंध छापला, त्यात २०५० पर्यंत वर्षातल्या पुराच्या पातळीखाली येणाऱ्या जमिनीवर राहणारी माणसं सुमारे ३० कोटी निघाली, जुन्या उंचीने हाच आकडा ८ कोटींच्या आसपास होता. समुद्र तेवढाच. फक्त जमीन खरी मोजली. मी हे भावाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, आमच्याकडे तर माडाशिवाय दुसरं काय दिसणार वरनं.

आता ह्या नकाशाची मर्यादा, आणि ती त्यांनी स्वतःच साईटवर लिहिलेली आहे, लपवलेलं काही नाही. हा नकाशा जमिनीची उंची आणि पाण्याची उंची एवढंच बघतो, बादलीत पाणी भरल्यासारखं. पाणी इथंपर्यंत, मग त्याच्या खालचं सगळं लाल, वरचं कोरडं. लाटा धरत नाही, वाळूची धूप धरत नाही. आणि बंधारा, बांध, भिंत याची नीट माहिती बहुतेक ठिकाणी नाहीच, त्यामुळे बांधाआड कोरडी असलेली खाजणंसुद्धा (खाडीकाठची सखल जमीन) लाल दिसू शकतात, उलट वाळूचा उंचवटा आहे तो सुरक्षित दिसू शकतो.

आणि आमचं गाव वाळूच्या उंचवट्यावरच आहे हो.

देवबागला समुद्र वरनं बुडवत येत नाही, तो खालनं कुरतडत येतो. पावसाळ्यात दर्या तापला की लाट वाळूच्या कड्याला खालून धडकते, वाळू निघून जाते, मग माडाची मुळं उघडी पडतात. बाहेरून बघितलं तर माड उभा असतो, हिरवा असतो, नारळ असतात, पण बुंध्याखाली हात घालता येतो. मग पुढच्या उधाणाला तो पडतो. पूर्वी सुरुच्या झाडांची ओळ होती, तिच्या पलीकडं रापणीच्या (किनाऱ्यावरनं ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या ओढून ठेवायची जागा होती, आमचे आबा सांगतात तिथं जत्रेच्या दिवसांत पोरं क्रिकेट खेळायची. आता दगडाचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे काही भागात, आणि जिथं बंधारा संपतो तिथं पाण्याचा सगळा जोर लागतो. २०१९ च्या ऑक्टोबरमधे क्यार वादळ आलं, ते किनाऱ्यावर आलंच नाही, लांब समुद्रातनंच गेलं, तरी पाणी वस्तीत शिरलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. एकाही नकाशात ह्यातलं काही येत नाही, कारण त्यांचं ते कामच नाही. धूप सगळी समुद्राची पातळी वाढल्यामुळेच होते असंही मी म्हणणार नाही, नदीच्या मुखाशी वाळू सरकत राहते, वाळूउपसा असतो, एका ठिकाणी दगड टाकले की दुसऱ्या ठिकाणची वाळू जाते, ही सगळी कारणं आहेत. पण पातळी वाढली की प्रत्येक लाट थोडी आत येऊन आपटते, म्हणजे आधीचं सगळं जोरात होतं.

दुसरं म्हणजे विहीर. आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, वाळूत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं म्हणून. समुद्र वर आला किंवा उपसा वाढला की खारं वर येतं. आई एप्रिल-मेमधे डाळ शिजायला वेळ लागला की म्हणते, पाणी मचूळ झालां. होमस्टेच्या चार खोल्या म्हणजे चार शॉवर, चार कमोड, पंप दिवसभर चालू. लाल रंग घराच्या जोत्याला लागायच्या कितीतरी आधी विहीर जाईल, आणि विहीर गेली की गाव राहत नाही. ही गोष्ट मला नकाशा बघताना नाही, आईशी फोनवर बोलताना कळली.

आबांना मी व्हिडिओ कॉलवर लाल नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला, संगम कुठाय विचारलं, आपलं घर कुठाय विचारलं, मग म्हणाले, "दर्या काय नकाशो बघान येता?" पण मग त्यांनीच भावाला सांगितलं की तिच्याकडना तारखा घेऊन ठेव.

हे सगळं फक्त आमचं रडगाणं नाहीये म्हणून नकाशा थोडा बाहेर सरकवून बघा. सुंदरबनातलं लोहाचरा बेट गेलं, घोडामारा निम्म्याहून जास्त झिजलंय. ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यात सातभायाची गावं समुद्राने खाल्ली, माणसं बागपतियाच्या वसाहतीत नेली. पनामात गार्दी सुग्दुब नावाच्या बेटावरची गुना जमातीची सुमारे तीनशे कुटुंबं २०२४ च्या जूनमधे मुख्य जमिनीवर नवीन वसाहतीत आली. तुवालू हा तर अख्खा देश, त्याने ऑस्ट्रेलियाशी करार केलाय, वर्षाला २८० पर्यंत माणसांना तिकडं राहायला जाता येतं. मालदीवच्या मंत्रिमंडळाने २००९ मधे पाण्याखाली बैठक घेतली ती तेव्हा गंमतीची बातमी म्हणून वाचली होती सगळ्यांनी.

पुनर्वसन म्हणजे काय ते आपल्याला चिखलीवरनं माहिती आहे. सोनतळीला प्लॉट मिळाले, पण शेत, गोठा, देव, सगळं खाली नदीकाठी. माणूस एका जागी आणि पोट दुसऱ्या जागी असं किती दिवस चालणार. मासेमाराला तर त्याहून अवघड, त्याची होडी तुम्ही डोंगरावर कुठं लावणार? नकाशा लाल करून मोकळा होतो, पुढचा प्रश्न माणसांनीच सोडवायचा असतो आणि तो सोडवायला वीस वर्षं आधी सुरुवात करायला लागते.

आता तिसरा नकाशा, जो फुकट आहे पण सोपा अजिबात नाही, तो म्हणजे सीआरझेडचा, किनाऱ्यालगत काय बांधता येतं काय नाही ते ठरवणाऱ्या सरकारी नियमांचा. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत नियम लागतात, २०१९ च्या नियमात गावाकडच्या कमी दाट वस्तीला २०० मीटर ना-विकास पट्टा आणि दाट वस्तीला ५० मीटर, नदी-खाडीच्या बाजूने वेगळा हिशोब. आमच्यासारख्या पट्टीवर दोन्हीकडनं रेषा येतात. तो नकाशा बघितल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. आणि एक लक्षात घ्या, नकाशातली भरती रेषा ज्या दिवशी आखली त्या दिवसाची आहे, दर्या तिथं थांबलेला नाही.

भावाला मी काय सांगितलं ते पण लिहिते, कारण शेवटी रिव्ह्यूचा उपयोग काय झाला हे कळायला पाहिजे. आरसीसीचा मजला नको. आहे त्या घरातल्या रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्या नीट कर, पाच वर्षांत फिटेल एवढंच कर्ज घे, पावसाचं पाणी साठवायची टाकी पहिली बांध, पंपाची वेळ ठरव. आणि कुडाळकडं उंचावर थोडी जागा बघून ठेव. तो नाराज झाला, दोन खोल्यांत काय सुटणार म्हणाला. मला पण वाईट वाटलं, त्याच घरात वाढले मी. पण २०४० ची रेषा बघून झाल्यावर खोटं सांगवलं नाही.

स्टार द्यायचे तर नासाच्या टूलला पाचपैकी साडेचार, आकड्यांची प्रामाणिक रेंज दिल्याबद्दल. ज्याला आलेख वाचायची सवय नाही त्याने कुणालातरी शेजारी बसवून बघा, आणि ठिपका तुमच्या गावाचा नसून जवळच्या बंदराचा आहे हे विसरू नका. क्लायमेट सेंट्रलला चार, पोराटोरांना आणि म्हाताऱ्यांना पटकन समजतं म्हणून. मोबाईलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर बघा, आणि आधी एकाच वर्षात राहून झूम करा, सारखं वर्ष बदलत बसलं की गोंधळ होतो.

आणि दोन्हींच्या जोडीला एक वही. भावाने आता पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला घराच्या जोत्यापासून वाळूच्या कड्यापर्यंत टेप लावून अंतर लिहायला घेतलंय, तारखेसकट, आणि त्याच दिवशी विहिरीच्या पाण्याची चव आईला विचारून शेजारी लिहितो. देवबाग, तारकर्ली, आचरा, मिऱ्या, गुहागर, दापोली, कुठलेही असाल आणि अशी नोंद कुणी ठेवत असेल तर मला नक्की कळवा, आकडे एकत्र लावून बघता येतील, एक्सेल मी करते.